‘बेबल’ला मराठी सबटायटल्स: चार देश, पाच-सहा भाषा आणि मात्रांचा घोळ

टिळकवाडी_पडदा (प्रश्न):

आमच्या मंडळात मेक्सिकन दिग्दर्शक इन्यारितूचा ‘बेबल’ (२००६) मराठी सबटायटल्ससह दाखवायचा आहे. जाहीर प्रदर्शनाच्या परवान्याचं काम चालू आहे. सबटायटल्स जोडायची परवानगीही त्याच अर्जात मागितली आहे. हॉल बेळगावातला, जमीन सपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, सुमारे ८० माणसं, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर.

इंग्रजी, स्पॅनिश, अरबी, बर्बर, जपानी आणि जपानी खुणांची भाषा एवढं सगळं एका सिनेमात आहे. कुठली भाषा चाललीय हे प्रेक्षकाला कसं कळवायचं? येणाऱ्यांत बरेच जण घरात मराठी बोलतात, पण शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे देवनागरी सावकाश वाचतात. मराठीखाली कन्नड ओळ घालावी का? आणि मोरोक्को, मेक्सिको, जपान इथल्या कथांचा काळ मागेपुढे होतो तिथं ‘दोन दिवसांनंतर’ अशी पाटी टाकावी का? नमुन्याच्या २० ओळी करून टीव्हीवर लावल्या तर वेलांट्या भलतीकडे गेल्या, तेही बघायला हवं.

मात्रा_वेलांटी:

वेलांट्यांचं आधी, कारण ते सोडवल्याशिवाय पुढचं काम फुकट जातं. पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर दिसत असेल आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडत असतील, तर फाइल बरोबर आहे, टीव्हीतला प्लेअर चुकतोय. त्याला अक्षरं जुळवता येत नाहीत. पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा विचार सोडा. लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरची नवी आवृत्ती घ्या, सबटायटल्सच्या सेटिंगमध्ये फाँट ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’, एन्कोडिंग यूटीएफ-८. ‘प्रश्न’, ‘ऱ्हास’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द पडद्यावर नीट दिसले की बाकीचं दिसतं.

अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र फाइल नोटपॅडमध्ये एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालीय. ती दुरुस्त होत नाही, मूळ प्रतीतून पुन्हा सेव्ह करा. खडे बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर आधीच बजावा की श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये नको, युनिकोडच हवं. जुन्या फाँटमधला मजकूर रूपांतर करून आणला तर रफार आणि ‘ॲ’ हमखास हुकतात, मग हजार ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

ओळीची लांबी: सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये ओळीची मर्यादा ४३ खुणांची (कॅरेक्टर्सची) असते. ते काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. एकट्या ‘क्षि’चे चार होतात. त्यामुळे मराठीत ४३ खुणा म्हणजे साधारण २०-२२ अक्षरं, आणि तेवढीच ओळ बरी. मर्यादा तशीच ठेवा. वेग मात्र सेकंदाला १४-१५ खुणांवर आणा, म्हणजे सात अक्षरं. दोन्ही ओळी भरल्या की सहा सेकंद लागतात. सहा सेकंद मिळत नसतील तर शब्द कापा, वेळ ताणू नका. पात्र बोलायचं थांबून दृश्य बदललं तरी ओळ लोंबत राहिली की प्रेक्षक तीच पुन्हा वाचायला लागतो.

आता कन्नड ओळ. नको. मराठी दोन आणि कन्नड दोन अशा चार ओळी झाल्या की चेहरे झाकतात, आणि दोन्ही लिप्या येणारा माणूस दोन्ही वाचत बसतो. बेळगावात असे लोक किती, हे तुम्हीच जाणता. सावकाश वाचणाऱ्यांसाठी मराठीच आखूड करा आणि सोबत एका पानाचं कन्नड पत्रक द्या: चार ठिकाणं, पात्रांची नावं, कोण कोणाचं कोण. एवढ्यावर ‘बेबल’ पाहता येतो, कारण त्यात नुसत्या पाहण्याचे प्रसंग भरपूर आहेत.

भाषा ओळखण्यासाठी सहा रंग वापरले तर रंगपंचमी होईल. अरबी आणि जपानी वेगळ्या आहेत हे कानाला आपोआप कळतं. रंग फक्त खुणांच्या भाषेला द्या: बोललेलं सगळं पांढरं, खुणांचं पिवळं. तिरका टाइप वापरू नका, देवनागरी तिरकी केली की मात्रा शेजारच्या अक्षरावर कलंडतात. रंगासाठी सबटायटल्सची फाइल साध्या एसआरटी प्रकाराऐवजी एएसएस प्रकारात करा.

निपाणी_नाका:

मोरोक्कोतल्या मेंढपाळ कुटुंबाला आपली बेळगावी बोली दिली तर? ‘काय करूलास’, ‘कुठं चाललास गा’ असं. अमेरिकन जोडप्याला पुणेरी. फरक लगेच कळेल.

मात्रा_वेलांटी:

कळेल, पण हॉल हसेल. त्या कुटुंबातला बाप अब्दुल्ला कोल्हे मारायला बंदूक विकत घेतो, ५०० दिर्हम आणि एक बकरी देऊन. पुढे त्याच बंदुकीने त्याच्या घराची वाट लागते. त्याच्या तोंडी ‘गा’ आला की पहिली दहा मिनिटं गंमत वाटेल आणि नंतरची गंमत थांबवता येणार नाही. बोली विनोदासाठीच असते असं मुळीच नाही, पण पडद्यावर मोरोक्कोचा डोंगर आणि खाली बेळगाव-खानापूरची बोली ही जोडी प्रेक्षकाला सिनेमाबाहेर काढते. साधी, छोट्या वाक्यांची मराठी ठेवा. दिर्हमचे रुपये करू नका. मुलं बापाला ‘अब्बा’ म्हणाली तर ती इथलीच वाटतील, ‘बाबा’ बरं.

त्यापेक्षा जास्त वेळ ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला द्या. इंग्रजीतून भाषांतर करताना हे हमखास घसरतं, कारण तिथं एकच ‘यू’. आधी कागदावर तक्ता करा: कोण, कोणाला, काय म्हणतं. मुलं सांभाळणारी मेक्सिकन आमेलिया तिच्या अमेरिकन मालकाला, रिचर्डला, ‘तुम्ही’. रिचर्ड तिला काय म्हणतो ते एकदाच ठरवा आणि बदलू नका. जपानमधली बहिरी मुलगी चिएको मैत्रिणींना ‘तू’, पोलिस अधिकाऱ्याला ‘तुम्ही’. दोघांनी काम वाटून घेतलं तर हा तक्ता नसल्यामुळेच सिनेमाच्या मध्यावर नाती बदलतात.

दुभाष्याच्या प्रसंगांकडेही बघा. मोरोक्कोच्या गावात अन्वर रिचर्डसाठी भाषांतर करतो, म्हणजे तेच बोलणं दोनदा ऐकू येतं. दोन्हीला ओळी दिल्या तर तोच मजकूर दोनदा वाचावा लागतो. पहिल्याला द्या, दुसऱ्याला गाळा. अन्वर काही सोडतो किंवा बदलतो तिथं मात्र दोन्ही हवेत, कारण प्रसंगाचा जीव त्या फरकात असतो.

रील_नंबर_चार:

काळाच्या पाटीबद्दल: अजिबात टाकू नका. गियेर्मो आरिआगाच्या पटकथेतली मुख्य युक्ती तीच आहे. मोरोक्को आधी, मेक्सिको त्याच्यानंतर, जपान शेवटाकडे. पण कापून एकमेकांत मिसळल्यामुळे सगळं एकाच वेळी चाललंय असं वाटतं. दुवा आहे फोनचा. सुरुवातीला सॅन दिएगोच्या घरात आमेलिया फोन घेते, तोच फोन शेवटाकडे कासाब्लांकाच्या इस्पितळातून रिचर्डच्या बाजूने दिसतो. म्हणून या दोन्ही ठिकाणी मराठी शब्द तंतोतंत एकच हवेत. पहिल्या ओळी कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. भाषांतरकाराने दुसऱ्या वेळी ‘जरा सुधारून’ लिहिलं तर प्रेक्षकाला हा तोच फोन आहे हे कळत नाही आणि अख्खी रचना वाया जाते.

जपानमध्ये टीव्हीवर सुझनची, म्हणजे मोरोक्कोत गोळी लागलेल्या रिचर्डच्या बायकोची, बातमी लागते. ती मागे लागलेली बातमी आहे म्हणून गाळू नका, काळ जुळवायचा पुरावा तोच आहे.

चिएकोने पोलिस अधिकाऱ्याला लिहून दिलेली चिठ्ठी तो बारमध्ये वाचतो. त्यात काय आहे हे दिग्दर्शकाने सांगितलेलं नाही. जपानी येणारं कुणी सापडलं तरी तिथं ओळ घालू नका. तसंच, क्लबमध्ये तिच्या बाजूने आवाज बंद होतो तिथं ‘(शांतता)’ किंवा ‘(संगीत)’ असं काही लिहू नका. त्याच प्रसंगात दिवे जोरात लुकलुकतात. जपानमध्ये २००७ साली काही प्रेक्षकांना त्रास झाल्यावर आधी सूचना द्यायला सुरुवात झाली होती. अपस्मार असलेल्यांसाठी दारावर कागद लावा. अमेरिकेत सिनेमाला ‘आर’ श्रेणी (१७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) होती, नग्नता आहे, मुलांना घेऊन येणाऱ्यांना आधीच सांगा.

हॉलचं गणित: बसलेल्या माणसाचं डोकं सुमारे चार ते सव्वाचार फुटांवर येतं. सपाट जमिनीवर पडद्याची खालची कड पाच फुटांच्या खाली असेल तर तिसऱ्या रांगेपासून सबटायटल्स दिसत नाहीत. सिनेमाच्या चित्राची रुंदी-उंची १.८५:१ आहे, त्यामुळे खाली काळी पट्टी जवळजवळ नाही, ओळी चित्रावरच येणार. छत ठेंगणं म्हणून पडदा उचलता येत नसेल तर सरळ सगळ्या ओळी चित्राच्या वरच्या कडेला घ्या. काही प्रतींत अरबी-जपानी संवादांवर इंग्रजी सबटायटल्स चित्रातच छापलेली असतात. तशी प्रत आली तर त्या प्रसंगांपुरती मराठी वर हवीच.

टिळकवाडी_पडदा:

हे सोनं आहे. दोन शंका. आमच्या नमुन्यात ओळी सुरुवातीला बरोबर होत्या, पुढं पुढं मागे पडत गेल्या. आणि आमेलियाच्या नात्यातला सांतियागो तिला स्पॅनिशमध्ये ‘तिया’ म्हणतो. आत्या, मावशी, काकू, मामी यांतलं काय?

रील_नंबर_चार:

पहिली शंका फ्रेमच्या वेगाची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याची. फाइल २३.९७६ची आणि तुमची प्रत २५ची असणार. तासाला सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांचा फरक पडतो. १४३ मिनिटांचा सिनेमा २५वर १३७ मिनिटांत संपतो, प्रतीची लांबी बघितली की ओळखू येतं. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, तिथं २३.९७६वरून २५ करा. सगळ्या ओळी सारख्याच पुढेमागे असतील तरच व्हीएलसीतल्या जी आणि एच या कळा चालतात, एका दाबाला ५० मिलिसेकंद. वाढत जाणारा फरक त्यांनी जात नाही. मध्यंतर घेणार असाल तर परवाना आलेल्या प्रतीवरच मिनिट नोंदवा, कथा बदलते त्या कापावर. क्लबच्या प्रसंगात नको.

मात्रा_वेलांटी:

‘तिया’वरून बाजू कळत नाही, मराठीत निवडावी लागते. ‘आत्या’ म्हटलं की बापाची बहीण असं नातं पक्कं होतं, ‘काकू’-‘मामी’ म्हटलं की ती लग्नाने आलेली. मावशी लिहा. आपल्याकडे शेजारणीलाही मावशी म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावर कुणी अडून बसत नाही. आणि तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर सीमेवरच्या प्रसंगात दुसऱ्या भाषांतरकाराची ‘काकू’ येईल.