ऑस्ट्रेलिया अँटिजेन आणि भुईआवळीचा रस

अंत्रुजकर (फोंडा):
माझ्या धाकट्या भावाने गेल्या महिन्यात रक्तदान केले. आठवड्याभराने रक्तपेढीतून बोलावणे आले आणि ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असा अहवाल हाती पडला. जो माणूस बेळगावच्या पलीकडे कधी गेला नाही, त्याच्या रक्तात ऑस्ट्रेलिया कुठून आला, हे आम्हांला कळेना. भावजयीने त्याचे ताट आणि पेला वेगळा काढला आहे. शेजारच्या आजी रोज सकाळी भुईआवळीचा पाला वाटून ताकातून देतात. त्यांच्या औषधाने कामीण (कावीळ) उतरलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे ‘अंधश्रद्धा’ एवढ्या एका शब्दात उत्तर नको. या वनस्पतीची कोणी संशोधकाने रीतसर परीक्षा केली आहे का?

निवृत्त तंत्रज्ञ (म्हापसा):
नावापुरते सांगतो. बरूक ब्लूमबर्ग हे अमेरिकी संशोधक यकृताच्या वाटेला गेलेच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते असतात, हा त्यांचा विषय होता. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात, म्हणून अशा रुग्णांचा रक्तद्रव जेलमधल्या एका खळग्यात आणि जगभरातून जमवलेले नमुने भोवतीच्या खळग्यांत घालून ते वाट पाहत. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा नमुना यांच्यामध्ये पांढरी रेघ उमटली, म्हणजे प्रतिपिंडांना त्या नमुन्यात त्यांचे परके प्रथिन (अँटिजेन) भेटले, म्हणून हे नाव. १९६५ साली शोधनिबंध आला तेव्हा त्यांना याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी असावा असे वाटत होते. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेतील बार्बरा वर्नर यांना १९६७ मध्ये बरे वाटेनासे झाले. त्यांनी स्वतःचेच रक्त तपासले, तर तीच रेघ दिसली, आणि त्यांना कावीळ झाली. ज्याने हयातभर असे नमुने हाताळले, त्याच्या अंगावर हे वाचताना काटा येतो. ती रेघ म्हणजे हिपॅटायटिस बी या यकृतदाह घडवणाऱ्या विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन होय. या कामासाठी ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले.

यकृतविकार विभाग (मडगाव):
भुईआवळीची परीक्षा झालेली आहे आणि गंमत अशी की, तीत स्वतः ब्लूमबर्गही सहभागी होते. मद्रासचे त्यागराजन आणि सहकारी यांच्याबरोबरचा तो निबंध १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. महिनाभर भुईआवळीची पूड घेतलेल्या ३७ वाहकांपैकी (रक्तात हा विषाणू बाळगणाऱ्यांपैकी) २२ जणांच्या रक्तातून हे प्रतिजन (अँटिजेन) नाहीसे झाले. खोटे औषध घेतलेल्या २३ जणांत मात्र एकाच्याच. वाहकाच्या रक्तातून ते आपोआप जाण्याचे प्रमाण वर्षाला शेकडा एकाच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याने केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना येईल. परंतु पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत हा परिणाम पुन्हा मिळाला नाही, आणि जे दुसऱ्याच्या हातून पुन्हा घडत नाही त्यावर उपचार उभा करता येत नाही.

आजींच्या हातून माणसे बरी झाली, हे मात्र खरेच असणार. आपल्याकडे दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, त्यामुळे त्या दिवसांत जे प्याल त्याला यश मिळते. (गरोदरपणातील ई मात्र जिवावर बेतू शकते, तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.) तुमच्या भावाला कावीळ झालेलीच नाही. सहा महिन्यांनंतरही प्रतिजन टिकून राहिले तर संसर्ग जुनाट समजतात. तो वर्षानुवर्षे मुका राहून यकृत कडक करू शकतो. म्हणून विषाणूच्या डीएनएचे प्रमाण, यकृताची विकरे (एन्झाइम) आणि सोनोग्राफी आताच करून घ्या. गरज भासली तर टेनोफोव्हिरसारखी गोळी विषाणूला दाबून ठेवते. हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधे मोफत आहेत. पेला वेगळा काढायची गरज नाही. दाढीचे पाते मात्र वेगळे असावे, आणि भावजयीची तपासणी करून तिला लस द्यावी.

अंत्रुजकर:
मनःपूर्वक आभार. पेला आजच पुन्हा फळीवर गेला. उद्या दोघांनाही बांबोळीच्या इस्पितळात घेऊन जातो.

यकृतविकार विभाग (मडगाव):
आईलाही न्या. आपल्या देशात हा संसर्ग पुष्कळदा जन्माच्या वेळी किंवा लहानपणीच होतो. आणि तुम्ही तिचेच थोरले चिरंजीव. तुमचे रक्त कधी तपासले आहे का?