रक्त गोठतं, साकळतं की थिजतं?

काजूबोंड: हिमोफिलियाच्या (रक्त लवकर थांबत नाही तो आजार) पेशंटांच्या घरच्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. गाडं 'क्लॉटिंग कॅस्केड'वर अडलंय, म्हणजे रक्तातले घटक एकामागून एक कामाला लागून गुठळी होते, त्या क्रमावर. मी 'रक्त गोठण्याची साखळी' लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर तिने 'गोठण्या'लाच अडवलं. "गोठतं ते पाणी. रक्त साकळतं." कॅस्केडला काय लिहू?

आबोली: आई बरोबर, पण अर्ध्याच. बोट दारात चेमटून काळंनिळं झालं की आमची आजी म्हणायची, रक्त साकळलं, आणि आंबेहळद उगाळायला बसायची. विळीवर कापून रक्त थांबलं, तर मात्र 'रगत रावलें'. तिथे साकळणं कधी आलं नाही.

खाजन: साकळणे हे 'संकलन'मधून. साठणं हाच मूळ अर्थ. साखळी शृंखलेतून. दोन्ही एकच, असं कोणी सांगू नये म्हणून आधीच लिहितो.

मांडवीकाठ: थिजणं काय वाईट? खोबरेल थिजतंच की.

लॅबवाला: खोबरेल उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ. गुठळीचं तसं नाही. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, थ्रॉम्बिन हे एन्झाइम ते तोडतं, मग फायब्रिनचे धागे जुळून जाळी होते. त्या मानाने दूध विरजणं जवळचं. ताकाचं दूध करून दाखवा.

मांडवीकाठ: 'तुमचं रक्त विरजत नाही' असं पेशंटाला सांगणार? हसून हसून पुन्हा रक्त येईल.

लॅबवाला: बरं, कॅस्केड. 1964 साली मॅकफार्लेन या संशोधकाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हा शब्द वापरला. त्याच वर्षी डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी 'सायन्स'मध्ये थेट धबधबा म्हटलं. साखळीत एक कडी दुसरीएवढीच. इथे थोडासा घटक पुढच्या कितीतरी घटकाला जागं करतो. साखळी नको.

आबोली: मग धबधबा तरी कशाला? वझर म्हणा. हरवळ्याचा वझर सगळ्यांनी पाहिलाय.

मांडवीकाठ: सगळ्यांनी म्हणजे गोव्यातल्या. कोल्हापूरच्या बाईने काय समजायचं? आणि दूधसागरात वर जेवढं पाणी, तेवढंच खाली. वाढत जातं कुठे? मूळ इंग्रजी शब्दच लंगडा आहे.

खाजन: हरवळे साखळी गावाला लागूनच. साखळी लिहा, वझर लिहा, बस एकच.

काजूबोंड: भांडा हो, पण आणखी एक. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी नवव्याच्या (फॅक्टर नाइन) कमतरतेला 'ख्रिसमस डिसीज' म्हणतात. मित्राने तपासताना 'नाताळचा आजार' करून टाकलं!

लॅबवाला: अरे देवा. ते मुलाचं आडनाव. स्टीफन ख्रिसमस. 1952 मध्ये त्याच्यावरचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकातच आला, हा वेगळा योग. आडनावाचं भाषांतर करायचं झालं तर उद्या डॉक्टर फडक्यांना 'वस्त्रखंड' म्हणाल.

खाजन: 'नाताळ' तरी कुठे शुद्ध मराठी आहे? पोर्तुगीजांचं.

आबोली: साडेचारशे वर्षं इथे राहिले ते. अजून किती शुद्ध व्हायचं त्या शब्दाने?

खाजन: मग 'जन्मोत्सव' म्हणा.

मांडवीकाठ: कोणाचा? कृष्णाचा?

काजूबोंड: छापखान्याला शुक्रवारी मजकूर द्यायचाय. कॅस्केडची जागा अजून कोरी आहे.

आबोली: कोणाकडे ओली आंबेहळद आहे का? म्हापशाच्या बाजारात मिळाली नाही.