मदत हवी आहे: वर्डप्रेस नव्या सर्व्हरवर हलवलं, जुने मराठी लेख वाचता येत नाहीत

नमस्कार मंडळी,

एका छोट्या साहित्यविषयक संकेतस्थळाची देखभाल मी करते. २००६ पासूनचे लेख आहेत, सगळे मराठीत. त्यातल्या बऱ्याच लेखांची दुसरी प्रत कुणाकडेच नाही आणि लिहिणाऱ्यांपैकी काहीजण आता हयातही नाहीत. त्यामुळे जीव टांगणीला लागलाय, जाणकारांनी कृपया लक्ष घालावं.

आजवर सगळं शेअर्ड होस्टिंगवर होतं. आता व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेतलाय: उबुंटू २४.०४, एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी ८.३, मारियाडीबी १०.११ (डेटाबेस). वर्डप्रेस नव्याने बसवलं, डेटाबेस आणि त्याचा वापरकर्ता वेगळा केला, थीम-प्लगइन आणि चित्रांचं फोल्डर जुन्या जागेवरून आणलं, फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ परवानग्या दिल्या. जुन्या ठिकाणच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेस एक्सपोर्ट केला आणि इथे इम्पोर्ट केला. एकही एरर आली नाही. डोमेन अजून जुन्याच सर्व्हरकडे आहे. माझ्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून मी तपासतेय, म्हणजे वाचकांना अजून त्रास नाही.

मुखपृष्ठ उघडतं, थीम जागेवर आहे, चित्रंही दिसतात. पण लेखांच्या जागी रोमन ए आणि त्यावर तिरकी रेघ, मग चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, अशी रांगच्या रांग. डॅशबोर्डवरचे वर्डप्रेसचे स्वतःचे मराठी शब्द मात्र स्वच्छ दिसतात, म्हणजे फाँटचा प्रश्न नसावा. चाचणीसाठी एक नवा लेख टाकला तर तो वेगळाच बिघडला: शीर्षकापासून शेवटपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

डेटाबेसचं कोलेशन (अक्षरं जुळवायचा-लावायचा नियम) यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या मावणारा अक्षरसंच) करून पाहिलं, फरक शून्य. एका ओळखीच्यांनी सुचवलं की एसक्यूएल फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एन्कोडिंग बदला आणि सेव्ह करा. करू का? फाइलला हात लावायचा धीर होत नाही.

आणखी एक, मुखपृष्ठ सोडून कुठल्याही लेखावर क्लिक केलं की ४०४ (पान सापडत नाही) येतं.

प्रतिसाद १

एडिटरमध्ये काहीही करू नका. आणि नव्या सर्व्हरवर एखादा जुना लेख संपादनासाठी उघडला असेल तर 'अपडेट' दाबू नका.

आधी धीराची गोष्ट: तुम्ही वर्णन केलेली ती रांग ही चांगली खूण आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांच्या एन्कोडिंगमध्ये तीन बाइट घेतं. पहिला बाइट (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाइट लॅटिन-१ (रोमन लिपीपुरतं जुनं एन्कोडिंग) समजून वाचले की ई० म्हणजे रेघवाला ए, ए४ म्हणजे चलनाचं चिन्ह आणि ए५ म्हणजे येन. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच. मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. प्रश्नचिन्हांचं तसं नाही. तिथे अक्षर खरोखर पुसलं जाऊन त्या जागी ३एफ हा बाइट बसतो, ते परत मिळत नाही.

दोन्ही प्रकार एकत्र दिसतायत म्हणून माझा अंदाज असा: जुनी टेबलं लॅटिन-१ ची आहेत आणि जुनं वर्डप्रेस त्यांच्याशी लॅटिन-१ मध्येच बोलत होतं. दोन्हीकडे एकच गैरसमज असल्यामुळे आत-बाहेर करताना बाइट जसेच्या तसे राहिले आणि इतकी वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. नवं वर्डप्रेस यूटीएफ८एमबी४ मध्ये बोलतं. त्यामुळे वाचताना डेटाबेस प्रत्येक बाइटचं स्वतंत्र अक्षर करून देतो, आणि नवीन देवनागरी लिहायला गेलं की लॅटिन-१ मध्ये तिला जागा नसल्याने प्रश्नचिन्ह ठेवतो.

हा अंदाजच आहे, म्हणून तीन गोष्टी तपासून इथे लिहा. जुन्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबी_कॅरसेट (डेटाबेसशी कुठल्या एन्कोडिंगमध्ये बोलायचं ते सांगणारी) ही ओळ आहे का? वर्डप्रेस २.२ पासून, म्हणजे २००७ पासून, ती येते; त्याआधी बसवलेल्या स्थळांच्या फाइलमध्ये बऱ्याचदा नसते, आणि वर्डप्रेस अपडेट करताना ती फाइल कुणी बदलत नाही. दुसरं, नव्या सर्व्हरवर लेखांच्या टेबलावर शो क्रिएट टेबल (टेबलाची रचना दाखवणारी आज्ञा) चालवा आणि शेवटी कॅरसेट काय लिहिलंय ते बघा. तिसरं, 'म' ने सुरू होणाऱ्या एखाद्या जुन्या शीर्षकावर हेक्स फंक्शन (साठवलेले बाइट दाखवणारं) चालवा. ई०ए४एई ने सुरुवात झाली तर बाइट मूळचेच आहेत. सी३ए०सी२ए४सी२एई अशी लांबण दिसली तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय आणि उपाय थोडा बदलेल.

डेटाबेसचं कोलेशन बदलून काही होणार नव्हतंच. ते फक्त पुढे नव्याने बनणाऱ्या टेबलांना लागू होतं.

प्रतिसाद २

४०४ चं कारण वेगळं आहे. जुन्या ठिकाणी अपाची हा वेब सर्व्हर असणार आणि दुवे .एचटीअ‍ॅक्सेस फाइल सांभाळत असणार. एन्जिनएक्स ती फाइल वाचतच नाही. सर्व्हर ब्लॉकमधल्या लोकेशन / मध्ये 'ट्राय_फाइल्स $यूआरआय $यूआरआय/ /इंडेक्स.पीएचपी?$आर्ग्ज;' ही ओळ टाका, एन्जिनएक्स -टी ने तपासा आणि रीलोड करा. त्याच बैठकीत क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ पण वाढवून घ्या. एन्जिनएक्समध्ये ती मुळात १ एमबी असते, त्याहून मोठं चित्र चढवलं की ४१३ (फाइल फार मोठी) येईल.

मजकुरासाठी सोपा मार्गही आहे. नव्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबी_कॅरसेट लॅटिन-१ करा, सगळं लगेच वाचता येईल.

प्रतिसाद १

वाचता येईल हे खरं, आणि निदान पक्कं करायला पाच मिनिटं तसं करून बघायला हरकत नाही. पण तेवढ्यावर स्थळ सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. एखाद्या प्लगइनचं टेबल यूटीएफ-८ चं असेल तर त्यातल्या देवनागरीची त्याच क्षणी प्रश्नचिन्हं दिसायला लागतील. शिवाय डेटाबेसच्या लेखी तो मजकूर मराठी नसून परक्या चिन्हांचा ढीगच राहील. पुढच्या स्थलांतराच्या वेळी हाच घोळ पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात पडेल. एवढं जुनं साहित्य आहे, ते एकदा नीट करून ठेवावं.

धागाकर्ती

किती सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार! ४०४ गेलं, दुवे चालू झाले.

जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबी_कॅरसेट ही ओळच नाही. लेखांच्या टेबलावर इंजिन (डेटा साठवायची पद्धत) मायआयसॅम, कॅरसेट लॅटिन-१. आणि हेक्सची सुरुवात ई०ए४एई. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर दिसतोय. आता पुढे काय करू? जुन्या होस्टिंगवर एसएसएच (दुरून आज्ञा चालवायची सोय) नाही, फक्त पीएचपीमायअ‍ॅडमिन आहे.

प्रतिसाद १

जुन्या होस्टिंगकडे जायची गरजच नाही. मूळ बाइट नव्या सर्व्हरवर पोचलेत, सगळं तिथेच करता येईल.

पहिल्यांदा आत्ताच्या डेटाबेसची एक साधी प्रत काढून सर्व्हरबाहेर ठेवा. मग मायएसक्यूएलडम्प (डेटाबेस फाइलमध्ये काढणारी आज्ञा) चालवताना डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट लॅटिन-१ द्या आणि स्किप-सेट-कॅरसेट हा पर्यायही द्या. पहिल्यामुळे बाइटांचं रूपांतर टळतं, दुसऱ्यामुळे फाइलच्या डोक्यावर सेट नेम्सची (एन्कोडिंग ठरवणारी) ओळ येत नाही. ही फाइल लेस (फाइल न बदलता दाखवणारी आज्ञा) ने उघडून बघा: त्यात मराठी सरळ मराठी दिसली पाहिजे. दिसली नाही तर तिथेच थांबा आणि इथे सांगा.

दिसली, तर सर्व्हरवरच सेड (फाइलमधला मजकूर बदलणारी आज्ञा) वापरून क्रिएट टेबलच्या ओळींमधलं लॅटिन-१ काढून यूटीएफ८एमबी४ करा. लॅटिन१_स्वीडिश_सीआय असं कोलेशन कुठे लिहिलेलं असेल तर तेही यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय करा. मग नवा, रिकामा डेटाबेस बनवा आणि इम्पोर्ट करताना डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट यूटीएफ८एमबी४ द्या. आधीच्या डेटाबेसला हात लावू नका. कॉन्फिग फाइलमध्ये फक्त नाव बदलून नव्याकडे वळा.

एडिटरला मी एवढा विरोध का केला तेही सांगतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. 'ठ' चा शेवटचा बाइट ए० आहे. लॅटिन-१ मध्ये तो न तुटणारा स्पेस असतो आणि कित्येक एडिटर त्याचा साधा स्पेस करून टाकतात. 'भ' चा शेवटचा एडी, म्हणजे अदृश्य हायफन, तो गाळला जाऊ शकतो. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आणि पहिल्या उकाराचा ८१, या दोघांना विंडोज-१२५२ (लॅटिन-१ चा विंडोजमधला भाऊ) मध्ये स्थानच नाही. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचं लॅटिन-१ हे बाइट जपतं, एडिटर जपेलच असं नाही. परिणाम असा की लेख वरवर बरा दिसतो आणि आत प्रत्येक जोडाक्षर फुटलेलं असतं. 'अपडेट' दाबू नका म्हटलं तेही यासाठीच.

दुसरं कारण सिरियलाइझ्ड डेटा. विजेट आणि थीमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक मजकुरापुढे त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. शोधा-आणि-बदला करून मजकूर बदलला आणि आकडा तसाच राहिला की ते सेटिंग वाचलंच जात नाही. वरच्या पद्धतीत बाइट बदलत नाहीत, त्यामुळे आकडेही जुळतात. पुढे कधी डोमेन बदलावं लागलं तर त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा देऊन वर्डप्रेस हाताळायचं साधन) मधलं सर्च-रिप्लेस वापरा, ते लांबीचा हिशेब सांभाळतं.

धागाकर्ती

लेसमध्ये सगळं मराठी दिसलं! पण इम्पोर्ट अर्ध्यात थांबला: एका जुन्या प्लगइनच्या टेबलावर 'की' (इंडेक्स) फार लांब आहे, कमाल १००० बाइट, अशी एरर आली.

प्रतिसाद २

ही मायआयसॅमची मर्यादा. २५५ अक्षरांचा कॉलम यूटीएफ८एमबी४ मध्ये इंडेक्ससाठी १०२० बाइट धरला जातो, १००० च्या पुढे गेला. त्याच फाइलमध्ये सेडने इंजिन मायआयसॅमचं इनोडीबी करा. तिथे मारियाडीबी १०.११ मध्ये मर्यादा ३०७२ बाइट आहे. अर्धवट भरलेला डेटाबेस काढून टाका आणि पुन्हा रिकाम्यात सुरुवात करा.

धागाकर्ती

झालं. सगळे लेख परत आले! सर्वांत जुन्या वर्षापासून वाचायला बसले आहे, जोडाक्षरं, 'ठ', 'भ' मुद्दाम बघतेय, सगळी जागेवर. प्रतिक्रियासुद्धा आल्या. चाचणीचा तो प्रश्नचिन्हांचा लेख पुसून पुन्हा टाकला, आता नीट दिसतो. तुम्हा दोघांचे किती आभार मानू?

जाता जाता एक विचारते. लांब शीर्षकांच्या लेखांचे दुवे मध्येच तुटल्यासारखे दिसतात, शेवटचे शब्द नसतातच. हे जुन्या सर्व्हरवरही होतं. हेही याच गोंधळातलं आहे का?

प्रतिसाद १

नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. दुव्याचा तो भाग ज्या कॉलममध्ये राहतो त्याची लांबी २०० आहे, आणि वर्डप्रेस तिथे देवनागरी टक्क्यांच्या चिन्हांसकट एन्कोड करून ठेवतं. एका चिन्हाला नऊ जागा लागतात. म्हणजे मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात आणि उरलेलं कापलं जातं. यापुढे प्रकाशित करण्याआधी दुव्याचा भाग स्वतः छोटा लिहीत जा. जुने दुवे तुटके दिसले तरी तसेच ठेवा, लोकांनी ते जागोजागी दिलेले असणार.

डोमेन वळवण्याआधी जुन्या ठिकाणच्या प्रतिक्रिया बंद करा. एक्सपोर्टनंतर तिथे नवीन काही आलं असेल तर ते हाताने इकडे आणा. डोमेन इकडे आलं की सर्टबॉटने एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र घ्या, त्यासाठी पोर्ट ८० उघडं लागेल. आणि सर्व्हरबाहेर ठेवलेली ती पहिली प्रत सध्या पुसू नका.