डोळ्यात टाकायची भूल: नेमका शब्द कोणता?

मूळ प्रश्न (आर्वी, जि. वर्धा)
दिवाळीनंतर आमच्या कुत्र्याच्या डोळ्यात कुसळ गेलं, धुऱ्यावरच्या गवतातलं. एक डोळा मिटून नुसता पाणी गाळत बसला. ढोराच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी एक थेंब टाकला, मिनिटभर थांबले, आणि डोळ्याजवळ हातही येऊ न देणारा आमचा वाघ चिमटा आत गेला तरी गप उभा! कुसळ तिसऱ्या पापणीमागं अडकलं होतं. (कुत्र्यामांजराला नाकाच्या बाजूनं तिसरी पापणी असते, हे मला त्या दिवशी कळलं.) सोबतचे काका म्हणाले, "हे शिशी घरीच देऊन टाका ना साहेब, दोन टाइम टाकतो." साहेब ठाम नाही म्हणाले. आता दवाखान्याच्या भिंतीवर लावायला त्यांना मराठीत चार ओळी हव्या आहेत. मी पहिल्याच शब्दाला अडलोय. या थेंबांना म्हणायचं काय?

प्रतिसाद (अमरावती)
शब्द तयार आहे की. 'बधिरक नेत्रबिंदू'.

मूळ प्रश्नकर्ता
हे वाचून काकांना चष्म्याचं दुकान आठवेल. शिवाय बधिर म्हटलं की आमच्याकडे कानच डोळ्यासमोर येतो.

प्रतिसाद (नागपूर)
येणारच. संस्कृतात बधिर म्हणजे ऐकू न येणारा. प्राकृतात त्याचं 'बहिर' झालं, त्यातून आपला 'बहिरा' आला. मग पोथीतला मूळ शब्द आपण पुन्हा उचलला आणि त्याला 'संवेदना गेलेला' हा अर्थही चिकटवला. एकच पाहुणा दोन दारांनी घरात. 'सुन्न'ही असाच, शून्यातून आलेला. पण वाईट बातमीनं माणूस सुन्न होतो, थंडीनं बोटं सुन्न होतात. 'डोळा सुन्न झाला' म्हणाल तर नजर गेली असं समजून घरचे रडायला लागतील.

प्रतिसाद (उमरेड, पशुवैद्यक)
आधी काम समजून घ्या, मग शब्द. औषध प्रोपॅराकेन, ०.५ टक्के. मज्जातंतूत सोडियमची ये-जा अडवतं, म्हणून कळ पुढं जातच नाही. मिनिटभरात बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, बधिर होतो. एका थेंबाचा असर कुत्र्यात पाऊण तासाच्या आसपास, मांजरात पंचवीस मिनिटं. तेवढ्यात कुसळ काढायचं, डोळ्याचा दाब मोजायचा. अश्रू मोजायची कागदी पट्टी मात्र साधारणपणे थेंबाआधीच लावायची, नाहीतर अश्रू कमी भरतात.

घरी का द्यायचं नाही? कारण ते बरं काहीच करत नाही. कळ गेली की पापणीची उघडझाप मंदावते, पाणी सुटत नाही, कुत्रं पंजानं डोळा घासतं आणि त्याला पत्ता नसतो. वरून रोज टाकलं तर हेच औषध कॉर्नियाच्या पेशी मारतं. जखम भरायची थांबते, खोल जाते, शेवटी डोळाही जाऊ शकतो. म्हणून मला असं नाव पाहिजे की ऐकून कोणी शिशी मागू नये. 'दुखणं थांबवायचे थेंब' तर अजिबात नको, त्याच नावानं आमचा घात केलाय.

प्रतिसाद (मूल, जि. चंद्रपूर)
मग सरळ 'भूल' म्हणा. भुलीचं इंजेक्शन गावात सगळ्यांना माहीत आहे आणि ते घरी न्यायला कोणी मागत नाही. आणि आम्हा झाडीतल्या लोकांना भूल पडणं वेगळं समजवावं लागत नाही. रानात भूल पडते तेव्हा वाट जागेवरच असते, फक्त माणसाला दिसत नाही. इथंही कुसळ जागेवरच, डोळ्याला तेवढं कळत नाही.

प्रतिसाद (अमरावती)
पण भूल म्हणजे झोप असंच लोक धरतात.

प्रतिसाद (उमरेड, पशुवैद्यक)
धरतात खरं. मांजर घेऊन आलेल्या एक बाई घाबरून म्हणाल्या, "झोपते का मंग हे? घरी कशी नेऊ?" म्हटलं, डोळ्यापुरतीच भूल आहे. तेवढ्यावर समजल्या. 'डोळ्यापुरती' हा शब्द सोडू नका.

प्रतिसाद (नागपूर)
जाता जाता. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं डोळा बधिर करायला कोकेन वापरून पाहिलं. आधी बेडूक, ससा, कुत्रा, मग स्वतःचा डोळा. प्रोपॅराकेन, लिग्नोकेन यांच्या नावातली 'केन'ची शेपटी त्याच कोकेनची. म्हणजे या थेंबाच्या रांगेत कुत्रं माणसाच्या पुढं उभं होतं.

मूळ प्रश्नकर्ता
ठरलं. भिंतीवर असं लिहिलंय: "ही डोळ्यापुरती भूल आहे. यानं जखम बरी होत नाही. घरी मिळणार नाही. भूल उतरेपर्यंत जनावराला डोळा घासू देऊ नका."

काकांना वाचून दाखवलं. नीट ऐकलं, मान हलवली, अन् म्हणाले, "बरोबर हाय. पण माह्या दाढेले चालन का?"