उत्तर: बोलीला व्याकरण नसतं?

भाषा आणि बोली यांत फरक काय, या प्रश्नावर कुणीतरी म्हटलंय, "जिला व्याकरण नि लिपी नाही ती बोली." लिपीचं सोडा, देवनागरी मराठीपुरती थोडीच आहे! पण व्याकरणाचं काय?

माझी आजी मालवणकडची. प्रमाण मराठीत 'तो येतो', 'ती येते'. आजी दोघांनाही 'येता'च म्हणायची: 'तो येता', 'ती येता'. स्वतःबद्दल 'मी जातंय', आजोबाही 'मी जातंय'च म्हणायचे. मी लहानपणी तिथे 'ती येते' म्हटलं की सगळे हसायचे. म्हणजे नियम होता आणि चुकत मी होतो. व्याकरणाशिवाय कुणी बोलूच शकत नाही हो, फक्त ते छापलेलं नसतं.

मग भाषा आणि बोलीत फरक कुठे? बराचसा तो मान्यतेचा आहे, असं माझं मत. कोकणीचंच बघा. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर किती वर्षं भांडलो आपण! १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली. या काळात गोव्यातल्या घरांतलं बोलणं काही बदललं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे २०११च्या जनगणनेत मालवणी कोकणीखाली मोजली आहे, तर अहिराणी 'खानदेशी' या वेगळ्या भाषेत. आपण मात्र दोन्हींना बिनदिक्कत मराठीच्या बोली म्हणतो. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "आमी मराठीच बोलतो."