जुनी स्विस घड्याळं जमवायचीत, पण ज्यांना कोणी विचारत नाही अशी. कुठून सुरुवात करू?

सातारचा_स्वार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. परत आल्यावर मुंबईत घेतलेलं वेस्ट एंड वॉच कंपनीचं सोवार प्रिमा घड्याळ ते शेवटपर्यंत वापरत होते. गेल्या महिन्यात आत्याने ते माझ्या हातात ठेवलं. डायल पिवळट पडलीय, सहाच्या बाजूला दोन डाग आहेत, काच ओरखड्यांनी भरलीय, पण चावी दिली की अजून चालतं हो. दहा-बारा तास चालतं आणि थांबतं. ते हातात घेतल्यापासून डोक्यात घड्याळांशिवाय दुसरं काही नाही.

तर दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे रोलेक्स, ओमेगा आपल्या खिशाबाहेरचं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला तेवढा रसही नाही, मला आजोबांच्या घड्याळासारखी घड्याळं हवीत, चांगली बनवलेली पण आज ज्यांची नावंही कोणी घेत नाही अशी. वर्षाला दोन-तीन घेईन, एकाला दहा-पंधरा हजारांपर्यंत. कुठले ब्रँड बघू? दुसरं, इथल्या घड्याळजींनी सांगितलंय की डायल नवीन रंगवून देतो, एकदम शोरूमसारखं होईल. बायको म्हणते करून घ्या. मला कळत नाहीये. काय करू?

पेठेतला_काटा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते तातडीचं आहे. डायलला हात लावू देऊ नका!! आजच फोन करून सांगा. मशीन उघडून साफ करा, तेलपाणी करा, काच बदला, पण डायल आणि काटे जसे आहेत तसेच ठेवायचे. एकदा रंग चढला की मूळची छपाई कायमची गेली, ती जगात कोणीही परत आणू शकत नाही.

आपल्याकडे हा मोठा धंदा आहे, बाहेरच्या देशातले लोक अशा घड्याळांना सरळ ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. चांगलं भलं ६० वर्षांचं घड्याळ घ्यायचं, डायल खरवडून भडक निळी-केशरी करायची, त्यावर कुठलंतरी नाव छापायचं, आत एफएचएफ या स्विस मशीन कंपनीचं साधं एसटी ९६ मशीन टाकायचं आणि ऑनलाइन विकायचं. पहिल्या वर्षात माझ्याकडे अशी चार आली. ओळखायची कशी ते सांगतो. डायलवर जे धातूचे खुणेचे दांडे बसवलेले असतात त्यांच्या बरोबर समोर मिनिटांची रेघ येते का बघा, रंगवलेल्यात ती हमखास थोडी सरकलेली असते. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ आहे का, आणि ते काठाखाली अर्धं झाकलं गेलंय का. अक्षरं भिंगाखाली जाड आणि फुगलेली दिसतात का. काटे गंजलेले आणि डायल मात्र कोरी करकरीत असेल तर तिथून उठा.

आता ब्रँड. माझं मत विचाराल तर फाव्र-लुबा. १७३७ पासूनची कंपनी, स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावची, आणि १८६५ पासून मुंबईत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनगटावर हे नाव होतं, लग्नात जावयाला यांचं सी किंग नाहीतर सी चीफ घड्याळ द्यायचे. १९६२ साली यांनी बिवॉक काढलं, मनगटावर घालायच्या मेकॅनिकल घड्याळात उंची मोजायचं यंत्र, त्याच्या आधी कोणी केलं नव्हतं, आणि १९६८ ला बाथी, पाण्याखालची खोली दाखवणारं. ती दोन महाग आहेत, सोडून द्या. पण एफएल २५१ मशीनवालं साधं हातचावीचं घड्याळ मिळालं तर घ्या. त्यात एकाऐवजी दोन बॅरल (स्प्रिंग बसते ते डबे) आहेत, म्हणजे दोन स्प्रिंगा मिळून ताकद देतात, त्यामुळे चावी उतरत आली तरी ताकद पटकन ढिली पडत नाही. आणि इतकं सगळं करून मशीनची जाडी जेमतेम ३ मिमी. मी पहिल्यांदा मागचं झाकण उघडलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. असं काम दुसऱ्या एखाद्या मोठ्या नावाखाली असतं तर भाव कुठल्या कुठे गेला असता.

कोल्हापूरची_किल्ली

माझे बाबा चाळीस वर्षं घड्याळजी होते, महाद्वार रोडला छोटं दुकान होतं, मी शाळेतून आले की त्यांच्या शेजारी बसून स्क्रू निवडून द्यायची. त्यामुळे मी जरा दुरुस्तीच्या बाजूने बोलते.

पेठेतला_काटा यांचं डायलबद्दल शंभर टक्के बरोबर. पण एफएल २५१ नवख्या माणसाला सांगू नका हो दादा. मशीन सुंदर आहे, मान्य, पण पार्ट कुठून आणायचे? दोन बॅरलची ती रचना उघडायला हात बसलेला माणूस लागतो आणि एखादं चाक गेलं तर दुसरं अख्खं घड्याळ मोडूनच पार्ट मिळतो. रोमरचंही तेच. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथर्नची कंपनी, मशीन स्वतःच बनवायची, त्यावर एमएसटी लिहिलेलं असतं, काम अतिशय प्रामाणिक, बाबांना रोमर फार आवडायचं. पण स्वतःचं मशीन म्हणजे स्वतःचेच पार्ट. पहिली दोन-तीन घड्याळं अशी घ्या ज्यात एएस, एफएचएफ, पेसो किंवा ईटीए या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचं मशीन आहे. ही मशीनं तेव्हा शेकडो ब्रँड वापरायचे, बॅलन्स स्टाफपासून (हेलकावणाऱ्या चाकाचा आस) चावीच्या दांडीपर्यंत सगळं अजून मिळतं. टिटोनी, कॅमी, सॅन्डोझ यात बरीच अशी सापडतात. लोक ‘काय साधं मशीन आहे’ म्हणून नाक मुरडतात, पण साफ करून तेल घातलं की दिवसाला अर्धं मिनिटसुद्धा चुकत नाहीत. यापेक्षा अजून काय पाहिजे?

आणि सातारचे दादा, तुमचं घड्याळ दहा-बारा तासांत थांबतंय म्हणजे बहुतेक तेल वाळलंय नाहीतर मेन स्प्रिंग थकलीय. तोपर्यंत रोज चावी देऊन चालवू नका, वाळलेल्या तेलात धुळीचा लगदा होतो आणि चाकांची टोकं झिजतात. दुसरं महत्त्वाचं, काट्यांवर किंवा आकड्यांवर हिरवट-तपकिरी चमकणारा लेप असेल तर तो रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी असू शकतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियमच वापरायचे, नंतरच्या बऱ्याच डायलवर खाली ‘टी स्विस टी’ लिहिलेलं दिसतं ते ट्रिटियम. रेडियमची चमक गेली तरी तो निरुपद्रवी होत नाही. घरी झाकण उघडून खरवडू नका, फुंकर मारू नका, पोरांच्या हातात देऊ नका. बंद केसमध्ये आहे तसं राहू द्या आणि घड्याळजींना आधीच सांगा.

बीलचा_पाहुणा

मी मूळचा नाशिकचा, कामानिमित्त काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बील गावात राहतोय. इथली एक गोष्ट सांगतो. बीलहून सोलोथर्नला जाणारी लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत तुम्ही या धाग्यातली निम्मी नावं ओलांडता. आधी लेंगनाउ लागतं, तिथली एनिकार. मग ग्रेंशेन, तिथली एटर्ना, सर्टिना, टिटोनी. शेवटी सोलोथर्न, रोमरचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी स्टेशनच्या पाट्या वाचत खिडकीला चिकटून बसलो होतो.

हे ब्रँड मागे का पडले असं लोक विचारतात आणि परस्पर ठरवून टाकतात की माल हलका असणार. तसं अजिबात नाहीये. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सायकोने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत इथला घड्याळधंदा कोसळला, १९७० च्या आसपास ९० हजार लोक या कामात होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ३० हजारांच्या आसपास उरले. ज्यांच्यामागे पैसा होता ते तरले आणि त्यांनीच पुढे जाहिराती केल्या. आज आपण जे भाव देतो त्यातला मोठा भाग त्या जाहिरातींचा असतो. एटर्नाचं बघा, १९४८ ला त्यांनी ऑटोमॅटिक रोटर (हात हलला की फिरून आपोआप चावी देणारं वजन) पाच बारीक बॉल बेअरिंगवर बसवला, त्यांच्या चिन्हातले पाच ठिपके म्हणजे तेच. ईटीए ही मशीन बनवणारी कंपनी मुळात एटर्नातूनच निघालेली, जिची मशीनं पुढे अर्ध्या स्वित्झर्लंडने वापरली. आणि साठच्या दशकातलं एटर्ना-मॅटिक अजून तुमच्या बजेटच्या आसपास सापडतं.

माझी शिफारस मात्र सर्टिना डीएस. १९५९ चं डिझाइन, मशीनभोवती धक्के शोषणारी लवचिक रिंग. १९६० ला धौलागिरीवर पहिल्यांदा चढाई झाली त्या मोहिमेत ही घड्याळं होती. एनिकारही तसंच, १९५६ च्या स्विस एव्हरेस्ट-ल्होत्से मोहिमेबरोबर गेलं आणि तिथूनच त्यांचं शेर्पा हे नाव आलं. (एनिकार म्हणजे रसीन हे घराण्याचं नाव उलटं लिहिलेलं.) हिमालयाशी नातं असलेली घड्याळं आपल्याच लोकांना माहीत नाहीत याचं मला फार वाटतं. शेर्पा आता महाग होत चाललंय, पण एनिकारचं साधं तीन काट्यांचं घड्याळ अजून कोणी विचारत नाही.

पेठेतला_काटा

किल्लीताई, पार्टचं तुमचं म्हणणं पटलं. सातारकर, पहिलं घड्याळ एएस नाहीतर ईटीए मशीनवालंच घ्या, एफएल २५१ तिसरं-चौथं म्हणून. फक्त एक सांगतो, मशीनचा फोटो दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, विकणारा ‘झाकण उघडत नाही’ म्हणाला तर सोडून द्या. आणि पुण्याला आलात तर रविवारी जुन्या बाजारात या, मी असतोच, भिंग घेऊन सोबत फिरू.

सातारचा_स्वार

मंडळी, तुमचे आभार कसे मानू. रंगवायचं रद्द केलं. काल घड्याळजींकडे बसून समोर झाकण उघडून घेतलं, ते पण आनंदाने तयार झाले, म्हणाले डायल आहे तशीच ठेवायची असेल तर मला पण बरंच आहे. साफसफाईला दिलंय, मेन स्प्रिंग बदलणार आहेत. लेप नाहीये, आकडे साधे छापलेले आहेत.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा आहेत. किल्लीताई, घड्याळजी म्हणाले दुरुस्ती केली की आधीचे लोक तिथे खूण करून ठेवायचे. सात आहेत. एकीत ५२ वाचता येतं, एकीत ७१. माझे वडील ७१ चे. आत्याला फोन केला तर म्हणाली तुझा बाप झाला तेव्हा दादांनी (म्हणजे आजोबांनी) घड्याळ दुरुस्त करून आणलं होतं, पोराची वेळ बरोबर लिहायची म्हणून. मला हे माहीतच नव्हतं.

आता एक सांगा, पट्टा बसवायची जागा १६ मिमी भरतेय आणि दांड्या केसला पक्क्या जोडलेल्या आहेत, निघत नाहीत. असा चामडी पट्टा कुठे मिळेल?

कोल्हापूरची_किल्ली

आठवी खूण करायला सांगा त्यांना, तारखेसकट. आणि पक्क्या दांडीला उघड्या टोकाचा पट्टा लागतो, दांडीभोवती गुंडाळून चिकटवतात किंवा शिवतात. बाजारात शोधत बसू नका, कोल्हापूरला चप्पल बनवणाऱ्या आमच्या ओळखीच्या कारागिराकडून मी बाबांच्या रोमरला तसा करून घेतलाय. रुंदी आणि मनगटाचं माप कळवा, तुमचाही करून पाठवते.