मदत हवी आहे: पुण्यात ऐकून घेतलेले बुकशेल्फ स्पीकर नाशकात घरी आल्यावर डग्गा नुसता घुमवतायत

गंगापूररोडकर (शुक्रवार, रात्री ११:४०)

नमस्कार. आठवडाभर डोकं पिकलंय, म्हणून इथे विचारतो. गेल्या रविवारी पुण्याहून केईएफचे एलएस५० मेटा घेतले, वापरलेले. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या घरी बसून दीड तास ऐकले. किशोरीताई लावल्या होत्या. तानपुऱ्याची एकेक तार सुटी, डग्ग्यावर मनगट घासत नेल्यावर जो घुमारा निघतो तो अगदी समोर बसल्यासारखा, आणि गाणं दोन डब्यांतून येतंय असं वाटेचना. तिथेच पैसे दिले.

घरी आणून जोडले. स्पीकर तेच, रेकॉर्डिंग तेच, आणि डग्गा नुसता घूं घूं करतो. खर्जाची तार गाण्यावर चढते. स्वर तर कपाटात बसून गातायत असा येतो. वायर तीनदा तपासली, प्लस-मायनस बरोबर आहे.

अँप (अँप्लिफायर) बदलू का? त्या गृहस्थांनी आठ दिवसांत परत आणले तर पैसे देईन असा शब्द दिलाय, म्हणजे परवाचा रविवार शेवटचा. कृपया लवकर सांगा.

सर्किट (११:५२)

अँप कोणता? खोली केवढी? स्पीकर कुठे आणि कशावर ठेवलेत? तुम्ही कुठे बसता? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाज समजा.

स्वरगंध (शनिवार, सकाळी ७:१५)

परत करा आणि सुटा. माझ्याकडे चार वर्षं हार्बेथ पी३ईएसआर आहेत. पूर्ण बंद डबा, मागे हवेला भोकच नाही, त्यामुळे घुमण्याचा त्रास फारच कमी. त्यांचं घराणं बीबीसीच्या एलएस३/५ए चं. तो स्पीकर १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, इतक्याशा जागेत निवेदकाचा आवाज खरा ऐकू यावा म्हणून बनवला होता. ते अजून ऐकू येतं. मल्लिकार्जुन मन्सूर लावले की श्वास कुठे घेतला ते कळतं. गाणं हेच मुख्य असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही.

तबकडीप्रेमी (८:०२)

दोष अँपचाच. ट्रान्झिस्टरच्या अँपवर तानपुरा असाच चढतो. मी ८ वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप लावला त्या दिवसापासून मागे वळून पाहिलं नाही.

सर्किट (८:२०)

तबकडीप्रेमी, हा सल्ला या स्पीकरला चालणार नाही. मेटाची संवेदनशीलता ८५ डेसिबल, म्हणजे १ वॉट दिल्यावर एक मीटरवर एवढा आवाज. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे १ वॉटवरून ८ वॉटवर गेल्यावर मिळाले ९. एक मीटरवर ९४, आणि सोफ्यावर पोचेपर्यंत त्यातलेही जाणार. रात्री हळू आवाजात ऐकायला पुरेल, पण द्रुत लयीत तबला उसळला की अँप दमणार. शिवाय स्पीकरचा रोध (विजेला होणारा अडथळा) खाली ३.५ ओहमपर्यंत उतरतो, तिथे लहान व्हॉल्व्ह अँपचे हाल होतात. आणि धागाकर्त्याने अजून अँप सांगितलेलाच नाही.

तबकडीप्रेमी (८:४१)

आकडे ऐकायचे असतील तर आकडे ऐका, मी गाणं ऐकतो. दहा वर्षं ऐकतोय.

सिडको_१ (९:१०)

यापेक्षा चांगला साउंडबार घ्या. सिनेमाही बघता येतो, एकच वायर. आणि आमच्याकडे लाइट सारखी कमीजास्त होते, तेव्हा काहीही घेतलं तरी आधी स्टॅबिलायझर बसवा.

गंगापूररोडकर (९:३५)

सिडको_१, साउंडबार नको आहे.
अँप ५० वॉटचा आहे, दोन महिन्यांपूर्वीच घेतलाय. हॉल ११ बाय १६. स्पीकर टीव्हीशेजारी. मी समोर सोफ्यावर. आता सांगा, अँप बदलू का?

सर्किट (९:३८)

टीव्हीशेजारी म्हणजे कशावर?

कॉलेजरोड (९:५०)

थोडं अवांतर, पण इथे सगळे जाणकार जमलेत म्हणून विचारते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई नाशकात कुठे मिळेल? मेन रोड आणि एमजी रोड दोन्ही पालथे घातले.

गंगापूररोडकर (१०:०५)

कशावर म्हणजे शोकेसमध्ये. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना खण आहेत, १४ इंच खोल, त्यात अगदी मापात बसलेत. बुकशेल्फ स्पीकर आहेत, शेल्फमध्येच ठेवणार ना?

सर्किट (१०:३०)

सापडलं. अँपला हात लावू नका.

बुकशेल्फ हे फक्त आकाराचं नाव आहे. हे स्पीकर खणात कोंबण्यासाठी नाहीत. मेटाची खोली सुमारे २८ सेंटीमीटर, म्हणजे ११ इंच. १४ इंचाच्या खणात मागे उरले ३ इंच, त्यातही वायरचं वळण. या डब्याचं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे. खालचे सूर तिथून बाहेर येतात आणि तुमच्या प्लायवूडवर आपटतात. त्याशिवाय खालचा सूर टॉर्चसारखा सरळ जात नाही, चहूकडे पसरतो. जवळ भिंत असली की तो परत येऊन मूळ सुरात मिसळतो आणि फुगतो. तुमच्याकडे पाच बाजूंनी भिंती आहेत, प्रत्येक बाजू थोडं थोडं फुगवते. फळी स्वतः थरथरते ते वेगळंच.

कपाटातून आवाज येतो म्हणालात, तेही खरंच आहे. मेटात ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) मोठ्या शंकूच्या मधोमध बसवलाय, म्हणून आवाज एकाच बिंदूतून सगळीकडे सारखा पसरतो. पुण्यात डबे गायब झाले ते त्यामुळे. खणाच्या कडा तो पसरायच्या आधीच अडवतात.

आज एवढंच करा: दोन स्टुलं घ्या, स्पीकर बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवा. शंकूचा मध्य कानाच्या उंचीला. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं प्रत्येकापासूनचं अंतर साधारण सारखं.

स्वरगंध (१०:५५)

म्हणजे मी म्हटलं तेच झालं, मागच्या भोकाचा त्रास. बंद डबा असता तर खणात चालला असता.

सर्किट (११:०५)

थोडा कमी त्रास झाला असता, एवढंच. बंद डब्यालाही भिंत फुगवतेच. हार्बेथ सुंदरच आहेत, मी ऐकलेत. पण ज्यांना एका स्पीकरने पुण्यात दीड तास खिळवून ठेवलं, त्यांना दुसरा घ्या कशाला सांगायचं?

स्वरगंध (११:२०)

कारण आपल्याकडचे हॉल. हॉलमध्ये आई-वडील बसतात, पोरं पळतात, पाहुणे येतात. दोन फूट पुढे स्पीकर किती घरांत चालतात ते सांगा. मी स्टँडवर ठेवतो, तरी भिंतीपासून फूटभरच जागा मिळते, आणि तेवढ्यात हे काम करतात. मला तो मुद्दा महत्त्वाचा वाटतो.

देवळालीकर (१२:१५)

धागाकर्ते, एक चाचणी सुचवतो. गायक द. वि. (बापूराव) पलुस्करांचं काहीही लावा. आपल्याच गावचे, २८ मे १९२१ ला नाशकात जन्मले. १९५५ मध्ये गेले, पुरती पस्तिशीही नाही. त्यांची ध्वनिमुद्रणं मोनो, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातली. मोनोमध्ये डावं-उजवं सारखंच असतं, म्हणून बापूरावांचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, रिकाम्या हवेतून यायला हवा. एकीकडे सरकला किंवा भिंतभर पसरला तर मांडणी चुकतेय. मी स्पीकर हलवला की आधी तेच लावतो. तो आवाज इतका स्वच्छ आहे की चूक लपत नाही.

कॉलेजरोड (१२:४०)

सुईचं कोणीच सांगत नाही.

तबकडीप्रेमी (१२:५५)

कॉलेजरोड, प्लेअरचं नाव आणि सुईच्या डोक्यावरचा नंबर टाका. नंबरावरून बाहेरगावाहून मागवता येते. दुकानं फिरून मिळणार नाही.

गंगापूररोडकर (रात्री १०:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी चारपासून हेच चालू होतं.

जेवणाच्या टेबलाची दोन लाकडी स्टुलं घेतली, उंची कमी पडली म्हणून वर दोन-दोन पाट. आमच्याकडे दोन फुटी फरशी आहे, तीच मापाला धरली. एक फरशी पुढे आणल्याबरोबर घूं घूं गेलं. दोन फरश्यांवर नेले तर डग्गा पातळ झाला, नुसती कातड्याची टपटप उरली. दीड फरशीवर बसला. आता मनगट घासल्यावर सूर चढतो, तो चढताना कळतो. खर्जाची तार खाली राहते आणि गाणं तिच्यावर उभं राहतं. आधी हे उलटं होतं.

देवळालीकर, पलुस्कर लावले. आधी आवाज टीव्हीच्या उजव्या कडेला होता. उजवा स्पीकर चार बोटं मागे घेतला तर मधोमध आला. आई आतून कणकेच्या हातांनीच बाहेर आली आणि शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. वडील असताना हे घरात रेडिओवर लागायचं.

पुण्याला फोन केला, स्पीकर ठेवतोय. ते म्हणाले, भोकात बसवायचे फोमचे बोळे खोक्यात आहेत, भिंतीजवळ ठेवायची वेळ आली तर लावा. मी खोकं पूर्ण उघडलंच नव्हतं.

आता प्रश्न स्टँडचा. तयार मिळणारे २४ इंची आहेत, मला २८ हवेत. आणि स्वरगंध म्हणतात ते खरं आहे, दिवसा हॉल मोकळा लागतो. स्टँड सरकवता आले पाहिजेत.

अंबडकर (रात्री ११:०५)

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, दोन जोड्या बनवून दिल्यात. ३ इंची चौकोनी पाइप, खाली १२ बाय १४ ची ६ मिमी प्लेट, वर ७ बाय १० ची. वरची प्लेट डब्यापेक्षा थोडी लहान ठेवा, म्हणजे कड दिसत नाही. पाइपात वाळू भरा, पण चाळून दोन दिवस उन्हात वाळवलेली. ओली राहिली तर आतून गंज धरतो. डबा पावणेआठ किलोचा आहे, धक्क्याने पडू नये म्हणून चारही कोपऱ्यांत पोस्टर चिकटवायच्या पुट्टीचे वाटाण्याएवढे गोळे ठेवून त्यावर दाबून बसवा. खाली टोकदार खिळे नकोत, तुमची फरशी जाईल. जाड नमदा चिकटवा, एका हाताने सरकतात.

सर्किट (११:२०)

नमद्याला हरकत नाही. फक्त जागेवर खुणा करा, चार बोटांनी काय फरक पडतो ते आज पाहिलंतच.

गंगापूररोडकर (११:३२)

खुणा केल्या. काळी इलेक्ट्रिकची टेप, प्रत्येक स्टुलाच्या पुढच्या दोन पायांना एकेक. सकाळी स्टुलं भिंतीला लावायची, रात्री जेवणं झाली की टेपवर आणायची. अंबडकर, माप घेऊन सोमवारी येतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.